लग्नाचं कलम

विमानात काम करणाऱ्या बाईला भीती वाटत नसणार असं लोक धरून चालतात. मला वाटायची. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटावरून जाताना आमची डाकोटा मध्येच धपकन खाली बसायची, आणि दर वेळी माझ्या तोंडाला कोरड पडायची. पण ती भीती पुणं आलं की संपायची. जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती जमिनीवरची. ती लोणावळ्यात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका बंगल्यात सुरू झाली आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त टिकली.

पन्नास सालानंतरची ती दोनतीन वर्षं. देशात तेव्हा खाजगी विमान कंपन्या बऱ्याच होत्या. मी जिथे होस्टेस होते ती कंपनी लहान होती, होस्टेस आम्ही तिघीच. एका मोठ्या कंपनीने आमची कंपनी विकत घेतली आणि दोन्ही एक झाल्या. आम्हाला नवे गणवेश मिळाले, विमानांना नवा रंग लागला. मग कळलं की विमानात काम करणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांसाठी आता एकच करार होणार, आणि तो युनियनने आणि कंपनीने समोरासमोर बसून ठरवायचा. होस्टेसने लग्न केलं तर काय, याबद्दल आमच्या जुन्या कंपनीत कुठे काही लिहिलेलं नव्हतं. मोठ्या कंपनीत मात्र नियम होता. लग्न झालं की नोकरी संपली.

माझं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं.

घरची स्थिती सांगायला हवी. वडील लोणावळ्याला रेल्वेच्या हपिसात हिशेबाचं काम करत. डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांना आकडे दिसेनासे झाले. साहेब भला, म्हणून अर्ध्या पगारावर निवृत्तीपर्यंत कसंबसं निभावत होतं. मागे दोन भाऊ शाळेत. घर माझ्या पगारावर होतं, त्यात मोठेपणा काही नाही, तसं होतं एवढंच. ज्यांच्याशी लग्न ठरलं ते वडगावच्या कोर्टात कारकून होते. लग्नानंतरही माझा अर्धा पगार लोणावळ्याला जाईल, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांच्या आईची अट एकच होती. सून विमानात चहा देते हे वडगावात कोणाला सांगायचं नाही, ‘विमान कंपनीत आहे’ एवढंच सांगायचं.

म्हणजे नव्या करारात ते कलम आलं, तर लग्न तरी सोडायचं किंवा घर तरी. मी स्वभावाने हिशेबी आहे. तिसरी वाट मी पुष्कळ शोधली. सापडली नाही.

कंपनीत हे एकालाच माहीत होतं. आमच्या जुन्या कंपनीतला एक स्टुअर्ड मूळचा परंदवडीचा होता, शेतकऱ्याचा मुलगा. मावळातली सोयरीक मावळात लपत नाही. तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला दादा. आम्ही अनेकदा एकाच विमानात काम केलं होतं. ‘माझ्याकडनं बाहेर न्हाई जायचं,’ असं त्याने स्वतःहून सांगितलं होतं.

बोलणी लोणावळ्याला ठेवायचं कंपनीने ठरवलं. मुंबईत माणसं सारखी फोनला उठतात, तिथे उठायला फोनच नाही, असा विचार. तुंगार्लीच्या बाजूला मॅनेजरसाहेबांच्या ओळखीच्या कोणाचा तरी बंगला होता. भाद्रपद चालू होता, सीझन नव्हता, बंगला रिकामाच होता. होस्टेसच्या वतीने जायला बाकीच्या दोघींनी मला पुढे केलं. ‘तू तशीही घरीच जाशील,’ म्हणाल्या. त्यांना माझ्या लग्नाचं माहीत नव्हतं.

कंपनीकडून मॅनेजर आणि त्यांचे वकील. आमच्याकडून तिघं. युनियनचे सेक्रेटरी, जे मोठ्या कंपनीत जुने स्टुअर्ड होते, दादा आणि मी. पद्धत अशी ठरली की एकेक कलम घ्यायचं, पटलं की दोन्ही बाजूंनी समासात आद्याक्षरं घालायची आणि मग ते पुन्हा उघडायचं नाही. पहिल्या दिवशी कामाचे तास, परगावी मुक्कामाचा भत्ता, गणवेशाची धुलाई, अशी आठ कलमं झाली. नववं लग्नाचं होतं, मोठ्या कंपनीतल्या नियमासारखंच. सेक्रेटरींनी मसुद्यावर पालथा हात ठेवला आणि म्हणाले, “नववं उद्या.”

मी घरी गेले तर आईने पहिलं तेच विचारलं, “झालं का गं?”

“उद्या आहे.”

“मग आज जेव तरी नीट.”

वडील पलीकडून म्हणाले, “तिला बोलायला सांग. ऐन वेळी ही गप्प बसते. लहानपणापासून अशीच आहे.”

खरं होतं. भीती वाटली की माझा आवाज जातो. हातपाय चालतात, कामं होतात, आवाज मात्र जातो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नववं बाजूला ठेवून दहावं आधी काढलं. ते ज्येष्ठतेचं होतं. वकील म्हणाले की लहान कंपनीतल्या लोकांची नोकरी कंपन्या एक झाल्या त्या तारखेपासून मोजली जाईल. त्याचा अर्थ दादाला कळायला वेळ लागला नाही. त्याची सात वर्षं पुसली जाणार होती. गेल्या वर्षी लागलेली पोरं त्याच्या वर जाणार होती, आणि कपात झाली तर पहिला तोच बाहेर. सेक्रेटरी भांडले, मी तेही सांगते. चांगले भांडले. मॅनेजर नकाराची मान हलवत राहिले. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की बागेतलं झाड दिसत नव्हतं. मी मनात माझी वाक्यं जुळवत होते, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, आणि ती पुन्हा विसरत होते.

तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, “अरे, चहाचं काय झालं?”

ते कोणाकडे बघून म्हणाले नव्हते. पण मी उभी राहिले होते. कोणी मला उठ म्हटलं नाही. आमच्या कामात असंच असतं. प्रवाशाने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं की होस्टेसचे पाय आधी उठतात, कशाला उठलो ते नंतर कळतं. ही सवय लावायला आम्हाला महिनेच्या महिने शिकवलं होतं, आणि मी ती चांगली शिकले होते. दारापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण बोलणी सोडून चाललो आहोत. मागे वळायची लाज वाटली.

स्वयंपाकघरात बंगला सांभाळणारी मावशी चुलीशी बसली होती. आंदर मावळातली. लाकडं ओली, नुसता धूर.

“झाला का चहा, मावशी?”

“कुटं झालाय! लाकडं बगा की. अन् तुमी कशापायी आलात हितं?”

“उशीर झाला म्हणून.”

“आवं, च्या काय पळून जातुय व्हय? तितं बसायचं सोडून! मानसं बोलत्यात तितं.”

“जाते, जाते.” पण गेले नाही. तिने फुंकलं, मी कपबश्या मांडल्या, सगळ्या कपांचे कान एका बाजूला. आता वाटतं, मी तिथे लपले होते. आतल्या खोलीपेक्षा धूर बरा वाटत होता.

ट्रे घेऊन परत आले. वकील पेनला टोपण लावत होते. सेक्रेटरी चष्मा पुसत होते. दादा खिडकीकडे बघत बसला होता, जिथे धुक्याशिवाय काही नव्हतं. टेबलावर मसुदा उघडा होता. दहाव्या कलमातलं तारखेचं वाक्य खोडून तिथे ‘जुनी नोकरी पूर्ण धरली जाईल’ असं लिहिलं होतं आणि समासात आद्याक्षरं होती. नवव्यात काही खोडलेलं नव्हतं. तिथेही आद्याक्षरं होती.

मी काय केलं? चहा ओतला. कोणाला साखर किती ते कालपासून पाठ होतं. मॅनेजर म्हणाले, “वा, फक्कड.” मी “थँक्यू सर” म्हटलं.

संध्याकाळी व्हरांड्यात मी सेक्रेटरींना गाठलं. “नववं कसं काय झालं?”

“बाई, एक घेतलं, एक दिलं. बोलणी अशीच होतात. ह्याची सात वर्षं वाचली, ह्याच्यासारख्या तुमच्याकडच्या सगळ्यांची वाचली. आणि खरं सांगू का, लग्न झालेल्या मुलीला नवरा तरी कुठे पाठवतो विमानात?”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही नव्हतात.”

“चहाला गेले होते!”

“मग तेच म्हणतोय मी. नव्हतात.” आणि ते आत गेले.

दादा खांबाला टेकून उभा होता. एरवी मुंबईकरांसारखं नेटकं बोलणारा. तो म्हणाला, “ताई, माझी सात वर्सं हायेत. घरी पाच तोंडं.”

“माझ्या घरी किती, तुला माहीत आहे.”

“हाय ना माहीत. म्हून तर वर बगवंना झालंय.” मग म्हणाला, “तू आता ते उगडलंस तर माझं बी उगडंल. म्या पाया पडू का तुझ्या?”

मला त्याचा राग आला नाही. यायला हवा होता. तो माझ्याइतकाच घाबरला होता, आणि दोन घाबरलेल्या माणसांना एकमेकांचा काही उपयोग नसतो.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने हे वडगावहून आले. तेव्हा मी त्यांना ‘हे’ म्हणत नव्हते, पण आता दुसरं काही लिहिता येत नाही. स्टेशनवर बाकावर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लग्न पुढे ढकलू.”

“किती?”

“जमेल तितकं.”

इतक्या सहज म्हणाले की मी आणखीच घाबरले. धाकट्या भावाची मॅट्रिक व्हायला चार वर्षं होती. चार वर्षं त्यांची आई थांबली असती का? मग त्यांनी दुसरं सुचवलं. काही मुली लग्न करून कंपनीला सांगत नाहीत, मंगळसूत्र पर्समध्ये ठेवतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

“मला ते जमायचं नाही. रेशनकार्डावरसुद्धा मला जास्तीचं नाव चालत नाही.”

“ठाऊक आहे,” ते हसले. “वडगावात तुमच्या वडिलांची कीर्तीच ती आहे. पैशाला पैसा जुळेपर्यंत हपीस सोडायचे नाहीत म्हणे.” मग गंभीर होऊन म्हणाले, “मग उद्या बोलावं लागेल. दुसरं काही नाही त्याला.”

हे कळायला मला कोणाची गरज नव्हती. बोलायचं काय तेही ठाऊक होतं. भीती वेगळ्याच गोष्टीची होती. मी तोंड उघडलं तर पहिला प्रश्न येणार, लग्न कोणाचं आहे? आणि उत्तर दिलं की तेच कलम मलाच लागू.

तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेली दोन कलमं पटापट झाली. आता शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. मावशीने या वेळी चहा वेळेवर आणला आणि ट्रे सवयीने माझ्यासमोर ठेवला. सगळे थांबले. मी किटली घेऊन उठले.

आम्हाला शिकवताना एक गोष्ट सांगितली होती. हवा खराब झाली की प्रवासी खिडकीकडे बघत नाहीत, होस्टेसच्या तोंडाकडे बघतात. म्हणून हातात काहीतरी घ्या, काहीही, आणि काम करत राहा. हातात काम असलेल्या माणसाची भीती दिसत नाही. हे खरं आहे. दिसतच नाही असं नव्हे, थोडी कमीही होते. बसून मला दोन दिवसांत एक वाक्य बोलता आलं नव्हतं. उभी राहून, मॅनेजरांच्या कपात चहा ओतता ओतता, मला ते आलं.

“सर, नववं कलम पुन्हा काढायचं आहे.”

ते वर बघणार होते, पण उकळता चहा त्यांच्या बोटांपासून जवळच होता. ते हलले नाहीत. वकील म्हणाले, “त्याची आद्याक्षरं झाली आहेत, मिस.”

“माझी नाहीत.”

“तुम्ही बाहेर होतात.”

“चहा आणायला गेले होते. तोच चहा तुम्ही प्यायलात.” मी त्यांच्याकडे वळले. “साखर दोन ना?”

“बाई,” सेक्रेटरी इंग्रजी सोडून मराठीत, हळू आवाजात म्हणाले, “नववं उघडलं तर दहावंही उघडेल.”

“दहाव्याला कोणी हात लावायचा नाही. मी नवव्याचंच बोलते आहे.” दादाच्या कपात ओतत होते. माझी किटली स्थिर होती, याचं मला आजही नवल वाटतं.

वकिलांनी टेकून बसत विचारलं, “एक सांगा. हे तत्त्वाचं बोलणं आहे, की तुमच्यापैकी खरोखर कोणी लग्न करतंय?”

आला प्रश्न. किटली रिकामी होत आली होती, एकच कप राहिला होता, माझा. खोटं बोलायचं नव्हतं आणि गप्प राहणंही खोटंच झालं असतं.

“मी करते आहे. मार्गशीर्षात.”

मॅनेजर चमचा फिरवत राहिले, साखर केव्हाच विरघळली असेल. मी किटली खाली ठेवली आणि हात मोकळे झाल्याबरोबर खुर्चीची पाठ धरली. वकिलांनी मसुदा स्वतःकडे ओढला, आणि मला वाटलं, संपलं, आता हे लोक मला आजच काढल्याचं पत्र देतील.

तेव्हा दादा उठला. साहेबांसमोर तो कायम इंग्रजीत बोलायचा, घोकलेल्या स्वच्छ इंग्रजीत. त्या दिवशी परंदवडीचंच बोलला.

“सायेब, माझी जुनी नोकरी धरलीत न्हवं? मंग हिची बी धरा. आमच्या कंपनीत ह्यो नियम न्हवता. आमी आलो ते आमच्या नियमानं आलो. माझं समदं धरायचं अन् हिचं सोडायचं, आसं कसं? न्हाईतर माझं बी खोडा.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तोच घाबरला. चेहऱ्यावर दिसलं. पण बसला नाही. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले.

मॅनेजर आणि वकील व्हरांड्यात गेले. आम्ही तिघं आत. दादा पुटपुटत होता, “म्या हे काय बोललो, ताई, म्या हे काय बोललो.” सेक्रेटरी त्याला म्हणाले, “आता बोललास ना? मग गप्प बस, नाहीतर परत घेशील.” ते तसे वाईट नव्हते. व्हरांड्यातले दोघं परत आले तेव्हा वकिलांनी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. कंपन्या एक झाल्या त्या दिवशी लहान कंपनीत नोकरीत असलेल्या होस्टेसना त्यांच्या जुन्या अटी लागू राहतील. बाकी सर्वांना नववं कलम आहे तसंच.

म्हणजे आम्ही तिघी. मी विचारलं, “आणि पुढे येणाऱ्या मुली?”

“बाई, आता बसा खाली,” सेक्रेटरी म्हणाले.

माझ्यात तेवढंच होतं. मी बसले, आणि समासात माझी आद्याक्षरं घातली.

मार्गशीर्षात वडगावला लग्न झालं. दादा आला होता, पंगतीत वाढायलाच उभा राहिला, सासूबाई विचारत होत्या हा कोण. मी पुन्हा कामावर गेले. लग्न झालेली एकटीच. नव्या मुली माझ्या गळ्याकडे बघायच्या आणि बोलणं थांबवायच्या. ऑफिसातून निरोप आला की मला वाटायचं, आपली सवलत रद्द झाली. सरकार सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेणार अशी बातमी आली तेव्हा तर आपला करार टिकेल का या धास्तीने मी पेपर वाचायचाच सोडला होता.

मग मला दिवस गेले. कपाटातून करार काढला आणि दोनदा वाचला. मुलाबाळांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. लग्न झालेली होस्टेस असेल हेच कोणी धरलं नव्हतं, तर पुढचं कोण धरणार? त्या तीन दिवसांत ते मलाही सुचलं नव्हतं. धाकट्याची मॅट्रिक अजून दूर होती.

मॅनेजरसाहेबांकडे गेले तेव्हा हे जिन्याखाली थांबले होते. साहेबांनी मला पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“आता काय राहिलं, मिसेस?”

मी सांगितलं. त्यांनी खणातून करार काढला, मी जसा वाचला होता तसाच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला.

“यात काही नाही.”

“नाही, सर.”

“म्हणजे काढायचं असंही नाही, ठेवायचं असंही नाही.”

“नाही, सर.”

समोर टेबल होतं, ट्रे नव्हता, हात रिकामे होते. मी ते मागे एकमेकांत धरले. “मग ठेवायचं असं लिहा, सर,” मी म्हटलं, आणि उत्तर येईपर्यंत उभी राहिले.